सतरा-सी हातात आल्याशिवाय बूथ सोडायचा नाही

दर निवडणुकीनंतर आठवडाभरात ठाण्यातून, ऐरोलीतून, कधी दिव्यातून कुणी ना कुणी कार्यकर्ता मला फोन करतो. आवाज बसलेला, डोकं तापलेलं. "काका, आमच्या बूथचे आकडे जुळत नाहीयेत." मी एकच विचारतो, १७-सी आहे का? म्हणजे त्या केंद्राच्या यंत्रात एकूण किती मतं पडली, त्याचा केंद्राध्यक्षांच्या सहीचा हिशेब. पलीकडे क्षणभर शांतता. मग तीनपैकी एक उत्तर येतं. "ते काय असतं?" किंवा "पोरानं सही केली, पण कागद घ्यायचा राहिला." किंवा, आणि हेच सगळ्यात जास्त, "साडेपाचला पोरगा चहाला म्हणून गेला, तो गेलाच."

सत्ता एकाच मुठीत असलेल्या देशांत विरोधी पक्ष निवडणुकीला उभा राहतो तेव्हा पोलीस त्याचे नसतात, टीव्ही त्याचा नसतो, मोजणारेही त्याचे नसतात. हातात उरतो तो केंद्रावरचा सहीचा कागद. व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ ला मतदान झालं. तिथल्या आयोगाने रात्री सत्तेतले राष्ट्राध्यक्ष निकोलस मादुरो यांना ५१.२ टक्के मतं देऊन विजयी ठरवलं, पण केंद्रनिहाय आकडे दिलेच नाहीत. विरोधकांनी ८० टक्क्यांहून जास्त यंत्रांच्या छापील पावत्या गोळा करून सगळ्यांना दिसतील अशा मांडल्या. त्यांत त्यांचे उमेदवार एदमुंदो गोन्सालेस यांना सुमारे ६७ टक्के मतं होती. सत्ता त्यांना मिळाली नाही. गोन्सालेस यांना सप्टेंबरमध्ये स्पेनला जावं लागलं. पण "पुरावा काय?" हा प्रश्न मात्र त्यांना कुणी विचारू शकलं नाही.

आपली व्यवस्था आणि तिकडची एकच, असं म्हणून टाळ्या घ्यायला मी बसलेलो नाही. आपल्याकडे कायद्याने तुमच्या हातात बरंच काही दिलंय, ते आपणच घेत नाही, ही माझी तक्रार आहे. म्हणून तिकडची शिस्त आणि इकडचे नियम दोन्ही पुढे ठेवून काम क्रमाने सांगतो. नियम लोकसभा-विधानसभेचे आहेत. महापालिका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले नमुने वेगळे, मुंबई सोडली तर प्रभागात एकाहून जास्त जागा, व्हीव्हीपॅटही (दिलेल्या मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र) नसतं. त्या निवडणुकीची पुस्तिका वेगळी मागून वाचा. कामाचा क्रम तोच राहतो.

## टप्पा १: उमेदवारी अर्ज, आणि अर्जामागचा अर्ज

बहिष्काराची चर्चा करायची तर अर्ज भरायच्या आधी, एकदाच, आणि मग ती बंद. व्हेनेझुएलातल्या विरोधकांनी २००५ च्या संसदीय निवडणुकीतून ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि अख्खी संसद तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चावेझ यांच्या समर्थकांच्या हाती गेली. हा धडा त्यांना बरीच वर्षं महागात पडला.

२०२४ मध्ये मात्र ते पर्याय तयार ठेवून होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये विरोधकांनी आपसांत उमेदवार निवडला, त्यात मारिया कोरिना माचादो नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकल्या, पण त्यांच्यावर निवडणूक लढवायला बंदी होती. त्यांनी कोरिना योरिस यांचं नाव पुढे केलं, तर त्यांचा अर्ज नोंदवूच दिला नाही. शेवटी जागा अडवून ठेवायला म्हणून ज्यांचं नाव घातलं होतं, तेच गोन्सालेस उमेदवार झाले.

आपल्याकडे याला सरळ मार्ग आहे. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते कळवणाऱ्या बी फॉर्ममध्ये पर्यायी उमेदवाराचं नाव देता येतं, आणि एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत मुभा आहे. दोन्ही गोष्टी वापरा.

- मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर त्याचं नाव सुचवणारा मतदार) पुरतो, इतरांना दहा लागतात. दहाचे बारा करा. सूचक त्याच मतदारसंघातला हवा, आणि नाव यादीत आहे म्हणजे कुठल्या भागात, कितव्या क्रमांकावर, हे समोर बसून तपासा.
- पक्षाचे ए आणि बी फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले पाहिजेत. तीननंतर विषय संपला.
- शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवू नका. लागू नसेल तिथे "लागू नाही", काही नसेल तिथे "निरंक".

सावध: छाननीला एकटा उमेदवार पाठवू नका. त्या दिवशी त्याचं चित्त थाऱ्यावर नसतं. नियम तोंडपाठ असलेला वकील किंवा जुना कार्यकर्ता सोबत हवाच.

## टप्पा २: यादी पायाने वाचा

मतदार यादी मोबाईलवर वाचून कळत नाही. केंद्रनिहाय छापून, पट्टी आणि पेन्सिल घेऊन दारोदार फिरावं लागतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांत भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात. यादीत चौदाव्या मजल्यावरचं जे कुटुंब आहे ते कधीच पुण्याला गेलेलं असतं. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कामगारांच्या घरांत वेगळी गोष्ट: नाव इथेही, साताऱ्याकडच्या गावीही. दोन्हीकडे नाव ठेवणं गुन्हा आहे, हे आधी आपल्याच माणसांना समजावून सांगा. दुसऱ्याच्या यादीवर बोट ठेवायला मग तोंड राहतं.

फिरताना तीन खुणा करा: स्थलांतरित, मयत, दुबार. याच नावांची यादी मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाकडेही असते. तुमची आणि त्यांची ताडून पाहता आली पाहिजे. नाव घालायचं तर नमुना ६, कुणाचं नाव घालण्यावर हरकत किंवा वगळायला नमुना ७, दुरुस्तीला नमुना ८. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

तपासा: अर्ज भरायची मुदत संपायच्या आत प्रत्येक केंद्राची छापील, खुणा केलेली यादी एका माणसाच्या घरी पोचली आहे का? "सगळ्यांकडे आहे" म्हणजे कुणाकडेच नाही.

## टप्पा ३: माणसं

इथेच बहुतेक पक्ष गळपटतात. समजा मतदारसंघात ३५० केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रासाठी एक पोलिंग एजंट (केंद्रात बसून मतदानावर लक्ष ठेवणारा उमेदवाराचा माणूस) आणि दोन बदली एजंट नेमता येतात, आत एका वेळी एकच बसतो. म्हणजे पूर्ण तयारीला हजारावर माणसं झाली. लहान पक्षाकडे सभेला हजार माणसं असतात, पहाटे पाचला उठणारी दीडशे.

मग काय करायचं? आघाडी असेल तर सगळ्या मित्रपक्षांची माणसं एकाच उमेदवाराच्या नावे नेमायची आहेत, तेव्हा केंद्रांची वाटणी झेंडा बघून न करता घराचा पत्ता बघून करा. कळव्याचा माणूस कळव्यात, वागळे इस्टेटचा वागळेत. व्हेनेझुएलात शेजारपाजारच्या दहा-दहा जणांचे गट केले होते. कारण साधं आहे: ओळखीच्या गल्लीतला माणूस रात्री अकरालाही केंद्राबाहेर थांबतो, परका साडेसहाला लोकल पकडतो.

एजंट शक्यतो त्याच किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असावा. तसा मिळत नसेल तर त्याच विधानसभा मतदारसंघातला चालतो. नेमणूक नमुना १० मध्ये, उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या सहीने. ही सही आधी दिलेल्या नमुना सहीशी जुळली नाही तर सकाळी दारातच अडचण. म्हणून सगळे नमुने एकाच बैठकीत, एकाच पेनाने, एकाच माणसाकडून सही करून घ्या. उमेदवाराच्या भाच्याने घाईत मारलेल्या सह्या मी पाहिल्या आहेत.

निवडताना भाषणं करणारा नको. मला विचाराल तर निवृत्त बँक कारकून, शाळेतल्या बाई, रेशन दुकानाचा हिशेब ठेवणारा, असली माणसं सोन्यासारखी. त्यांना आकडा चुकला की झोप येत नाही. जोरात बोलणारा तरुण बाहेरच्या टेबलावर बसवा.

प्रशिक्षण दोनदा घ्या. पहिलं बोलून, दुसरं करून. दुसऱ्या वेळी खोटा १७-सी छापून प्रत्येकाकडून भरून घ्या, त्यात मुद्दाम एक चूक ठेवा. ज्याला ती सापडत नाही त्याला बदलीत टाका.

सावध: आदल्या संध्याकाळी प्रत्येक एजंटला फोन करा आणि "येतोस ना?" असं विचारू नका. "किती वाजता निघतोस, कशाने?" असं विचारा. उत्तरात रिक्षा, बस किंवा स्कूटर आली नाही तर तो माणूस येणार नाही.

## टप्पा ४: आदल्या रात्रीची पिशवी

यात फार काही नाही, पण राहिलं तर दिवस जातो. नमुना १०, स्वतःचं मतदार ओळखपत्र, खुणा केलेली यादी, उमेदवाराला मिळालेल्या यंत्रक्रमांकांच्या यादीतला आपल्या केंद्राचा भाग, दोन निळी पेनं, एक शाळेची वही, दोन-दोन रुपयांची नाणी, पाण्याची बाटली, डबा, गोळ्या. पक्षाचं चिन्ह, टोपी, उपरणं घरी. मोबाईलही केंद्रात चालत नाही. तो सोबतच्याकडे किंवा बाहेर ठेवायची सोय असेल तिथे. नाण्यांचं कारण सहाव्या टप्प्यात.

## टप्पा ५: पहाटेचं अभिरूप मतदान

मतदान सातला असेल तर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायला घेतलेलं नकली मतदान, साडेपाचला. तुम्ही पावणेसहाला पोचलात तर तोवर सुरू झालेलं असू शकतं, कारण एजंट आले नाहीत तर केंद्राध्यक्ष थोडा वेळ थांबून पुढे जातात. पाच वीसला दारात.

क्रम असा:

1. कंट्रोल युनिट (मतं साठवणारा भाग), बॅलट युनिट (मतदाराच्या बटणांचा भाग) आणि व्हीव्हीपॅटचे क्रमांक वहीत लिहा आणि यादीशी जुळवा.
2. यंत्रात शून्य मतं आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीत एकही चिठ्ठी नाही, हे डोळ्यांनी बघा.
3. किमान ५० मतं टाकली जातात, नोटासकट प्रत्येक बटणावर. कुणी कुठे दाबलं ते लिहीत राहा.
4. यंत्र बंद करून निकाल काढला की तो आणि चिठ्ठ्या जुळल्या पाहिजेत.
5. निकाल पुसला जातो. पुसल्यावर एकूण मतांचं बटण दाबून पुन्हा शून्य दाखवायला सांगा.
6. अभिरूप मतांच्या चिठ्ठ्या बाहेर काढून, शिक्का मारून, काळ्या पाकिटात बंद होतात. पाकिटावर सही करा.
7. हिरव्या कागदी सीलचा क्रमांक लिहा, सील लागताना सही करा.

पाचवी पायरी विसरण्यात सहसा कुणाचा डाव नसतो, झोप असते. कर्मचारी आदल्या दुपारी साहित्य घेऊन आलेले, रात्री शाळेच्या बाकावर झोपलेले. पण ते पन्नास आकडे यंत्रात राहिले तर मोजणीच्या दिवशी अख्खं यंत्र वादात जातं. त्यांना आठवण करून देणं हे तुमचंच काम आहे, आणि ते नम्रपणे करता येतं: "सर, एकदा टोटल दाखवता का?"

तपासा: वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी आहेत का? यंत्रांचे क्रमांक, सीलचा क्रमांक, शून्य दाखवल्याची वेळ, केंद्राध्यक्षांचं नाव.

## टप्पा ६: दिवसभर

बसण्याचा क्रम ठरलेला असतो: राष्ट्रीय पक्ष, राज्य पक्ष, नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त, मग अपक्ष. लहान पक्षाचा माणूस त्यामुळे दाराजवळ, उन्हाच्या तिरिपेत. वाईट वाटून घेऊ नका, तिथून रांग दिसते.

मतदाराचं नाव मोठ्याने वाचलं जातं तेव्हा आपल्या यादीत खूण करायची. मतदान चालू असताना ही यादी घेऊन बाहेर जाता येत नाही, तेव्हा बदली एजंट आला की ती तिथेच त्याच्या हवाली करा. दर दोन तासांनी केंद्राध्यक्ष एकूण आकडा सांगतात. तो वेळेसकट वहीत लिहा आणि आपल्या खुणा मोजून बघा. एक-दोनचा फरक आपलाच असतो. दहाचा फरक पडला तर तिथल्या तिथे विचारा, संध्याकाळी नाही.

कुणी दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आलंय अशी खात्री असेल तर आक्षेप घ्या. त्यासाठी दोन रुपये भरावे लागतात, ती नाणी यासाठी. आक्षेप खरा ठरला तर पैसे परत. उगाच सतावायला घेतला असं केंद्राध्यक्षांना वाटलं तर जप्त. आणि खरा मतदार आला, पण त्याच्या नावावर आधीच मत पडलेलं असेल, तर त्याला परत पाठवू देऊ नका. ओळख पटल्यावर त्याला प्रदत्त मत देता येतं, ते कागदी मतपत्रिकेवर होतं आणि वेगळं नोंदलं जातं. लोकांना हे माहीत नसल्याने ते चिडून घरी जातात आणि नोंदच उरत नाही.

तुम्हाला आतच घेतलं नाही तर? बेलारूसमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये निरीक्षकांची संख्या कोरोनाच्या नावाखाली घटवली. तेव्हा काही जण केंद्राबाहेर स्टूल टाकून बसले आणि आत जाणारी माणसं एकेक करून मोजत राहिले. आपल्याकडे अशी वेळ आली तर आधी विभागीय अधिकाऱ्याला फोन, मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी तक्रार, वेळ घालून. आणि तोवर बाहेर मोजणी सुरू ठेवायची. भांडण नंतर करता येतं, गेलेला तास परत येत नाही.

सावध: जेवायला सगळे एजंट एकत्र उठून समोरच्या वडापावच्या गाडीवर जातात. आपण त्यांच्यात नसावं.

## टप्पा ७: संध्याकाळचे सहा ते रात्रीचे आठ

आता जिथे मी स्वतः फसलो, ते.

माझी पहिली एजंटगिरी कळव्याच्या बाजूला एका शाळेत होती. तिसरीचा वर्ग, भिंतीवर फळांचा तक्ता, बाक इतके बुटके की गुडघे हनुवटीला लागत. साडेचारच्या सुमारास एक कर्मचारी कागदांचा गठ्ठा घेऊन आला. "नंतर गडबड होते, आत्ताच सह्या करून टाका सगळे." रकाने कोरे होते. बाकीच्यांनी केल्या, मीही केली. भल्या माणसाचा वेळ वाचवतोय असंच वाटलं. सहा वाजता रांगेत चाळीस माणसं होती, ती सरेपर्यंत सात झाले. मग सीलबंदी, मेणबत्ती, पेट्या, खाली बस हॉर्न वाजवतेय. मी प्रत मागितली तर उत्तर आलं, "दिली की, तुमची सही आहे." खरंच होतं, पोचपावतीवर माझी सही होती. वहीत माझे सगळे आकडे होते, पण त्यावर कुणाचीच सही नव्हती. रात्री कळवा पुलावरून चालत घरी आलो. मतांत काही गडबड झाली असं मी तेव्हाही म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. गंमत ही की मला ते सांगताच येणार नाही, ना असं, ना तसं.

निवडणूक नियमांतला नियम ४९-एस स्वच्छ सांगतो: मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक एजंटला केंद्राध्यक्षांनी १७-सी मधल्या नोंदींची खरी प्रत, खरी असल्याची सही करून, पोच घेऊन द्यायची. "हजर असलेल्या" हा शब्द तुमच्यासाठी आहे.

1. सहाला रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या जातात. किती वाटल्या, तो आकडा लिहा.
2. शेवटचं मत पडल्यावर यंत्राचं मतदान बंद करायचं बटण दाबलं जातं. पडद्यावरचा एकूण आकडा स्वतः वाचा. लांबून दिसत नसेल तर उठून जवळ जा.
3. १७-सी भरला जाताना शेजारी उभे राहा. मतदार नोंदवहीतले एकूण मतदार, त्यातून मत न देण्याचं ठरवलेले वजा, मत देऊ न दिलेले वजा. उरलं ते यंत्रातल्या एकूण मतांइतकं हवं. नोंदवहीत ८१२, एकाने ऐनवेळी मत द्यायला नकार दिला, तर यंत्रात ८११. बस, एवढंच गणित.
4. कंट्रोल युनिटचा क्रमांक सकाळच्या वहीतल्याशी जुळवा. घाईत एक आणि सात सारखे दिसतात. शंका आली तर तिथेच दुरुस्त करून घ्या.
5. प्रत हातात घ्या, केंद्राध्यक्षांची सही बघा, आणि मगच पोचपावतीवर सही करा. हा क्रम उलटा झाला की माझी गत होते.
6. यंत्र पेटीत बंद होताना सीलवर सही करा, क्रमांक लिहा.

कोऱ्या कागदावर सही मागितली तर भांडू नका. "भरला की लगेच करतो सर, मी शेवटपर्यंत आहे," एवढं म्हणा. हे वाक्य प्रशिक्षणात प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

आणखी एक गैरसमज इथेच निकाली काढतो. व्हेनेझुएलातलं यंत्र मतदान संपताच उमेदवारनिहाय मतं छापून देतं, म्हणून त्यांना त्याच रात्री निकाल मांडता आला. आपल्या १७-सी च्या पहिल्या भागात फक्त एकूण मतं असतात, कुणाला किती ते नसतं. त्या रात्री "आम्ही जिंकलो" म्हणून फटाके वाजवणारा कार्यकर्ता स्वतःलाच फसवत असतो. तुमच्या हातात आलेलं असतं ते कुलूप: या यंत्रात ८११ मतं आहेत, ८१० नाहीत, ८१२ नाहीत.

(गांबियातली जुनी पद्धत मला फार आवडते. पत्र्याच्या रंगीत पिंपात काचेची गोटी टाकायची, आत घंटा वाजते, दोनदा वाजली तर लबाडी कळते. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रावरच गोट्या मोजल्या आणि बावीस वर्षं सत्तेत असलेले राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह हरले. लोकांसमोर, जागच्या जागी मोजलं की नंतर कितीही नाकारा, आकडा मागे सरत नाही.)

## टप्पा ८: कागद घरी आणणं

तीनशे एजंट आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, हा अपघाताचा खात्रीचा मार्ग आहे. नऊ वाजता त्या ग्रुपवर दीडशे फोटो, पन्नास आडवे, तीस अस्पष्ट, मध्येच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

दहा केंद्रांमागे एक संकलक ठेवा. एजंट बाहेर येऊन मोबाईल हातात घेतो, मूळ प्रतीचा सरळ, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढतो आणि फक्त संकलकाला पाठवतो, खाली केंद्र क्रमांक आणि एकूण मतं अक्षरांत लिहून: "आठशे अकरा". संकलक स्कूटरवर निघून मूळ प्रती गोळा करतो. माजिवड्याहून गायमुखापर्यंत रात्री आठला चारचाकी काढू नका, घोडबंदर तुम्हाला अकरापर्यंत तिथेच बसवेल.

मध्यवर्ती टेबलावर दोन माणसांनी स्वतंत्रपणे आकडे भरायचे, एकमेकांचा पडदा न बघता. तिसऱ्याने दोन्ही तक्ते ताडायचे. रकाने चारच: केंद्र क्रमांक, कंट्रोल युनिट क्रमांक, एकूण मतं, मूळ प्रत कुठे. मूळ प्रती पक्ष कार्यालयात ठेवू नका, तिथे येणारी-जाणारी फार. दोन घरं ठरवा. एकात मूळ, दुसऱ्यात छायाप्रती. व्हेनेझुएलात हे कागद लपवून नेणाऱ्यांना अटकेची भीती होती. आपल्याला भीती असते ती वाळवीची आणि गाडीच्या डिकीची.

तपासा: मध्यरात्री बाराला कोणत्या केंद्रांची प्रत नाही याची यादी तयार करा, कारणासकट. ही यादी पहिल्या तक्त्याइतकीच महत्त्वाची.

## टप्पा ९: स्ट्राँगरूम आणि मोजणीची टेबलं

स्ट्राँगरूमच्या दारावर उमेदवाराला आपलंही सील लावता येतं, बाहेर माणूस बसवता येतो. पाळ्या लावा, आठ तासांच्या. इस्तंबूलमध्ये ३१ मार्च २०१९ च्या महापौर निवडणुकीत विरोधी पक्षाचे एकरेम इमामोग्लू सुमारे तेरा हजारांनी पुढे होते. त्यांच्या पक्षाच्या लोकांनी प्रत्येक मतपेटीचे सहीचे तक्ते जपले आणि मतपत्रिकांच्या पोत्यांजवळ रात्री काढल्या. मे महिन्यात ती निवडणूक रद्द झाली. जूनमध्ये फेरनिवडणूक झाली तेव्हा अंतर आठ लाखांच्या घरात गेलं.

मोजणी प्रतिनिधी नमुना १८ मध्ये नेमले जातात, प्रत्येक टेबलाला एक. मोजणी आठला टपाली मतांपासून सुरू होते, यंत्रं त्यानंतर अर्ध्या तासाने. आत मोबाईल नाही, तेव्हा आधीच छापलेला तक्ता लागतो: तुमच्या टेबलावर कुठल्या फेरीत कुठलं केंद्र येणार, त्याचा कंट्रोल युनिट क्रमांक, १७-सी चा एकूण आकडा, पुढे उमेदवारांचे रकाने.

यंत्र टेबलावर आलं की आधी क्रमांक, मग सील, मग एकूण मतं, आणि या तिन्हींनंतरच निकालाचं बटण. आकडे भराभर सरकतात. निसटला तर "पुन्हा दाखवा" म्हणायला लाजू नका. उमेदवारांची आणि नोटाची मतं मिळून ८११ होतात का, ते तिथेच जोडा. जुळलं की १७-सी च्या दुसऱ्या भागावर सही. जुळलं नाही तर सही थांबवा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या. असं यंत्र बाजूला ठेवलं जातं, आणि जिंकणाऱ्याचं अंतर अशा यंत्रांतल्या मतांपेक्षा कमी वा तितकंच असेल तर त्यांचा विचार शेवटी होतो.

प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं चिठ्ठी काढून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. तोवर जिंकलेले गुलालात आणि हरलेले रिक्षात असतात. चिठ्ठी काढताना तुमचा माणूस तिथे हवा.

सावध: फेरमोजणीचा अर्ज एकूण आकडे जाहीर झाल्यावर आणि निकाल घोषित व्हायच्या आधी, कारणांसकट, लेखी. ही फट काही मिनिटांची असते. अर्जाचा मसुदा आदल्या रात्रीच लिहून खिशात ठेवा, फक्त आकडे भरायचे बाकी.

## टप्पा १०: दावा

जितके कागद तितकाच दावा. झिम्बाब्वेत मार्च २००८ मध्ये निकालाचे तक्ते प्रत्येक केंद्राबाहेर लावायचा नियम झाला होता, आणि विरोधकांनी त्यांचे फोटो काढले. त्यांनी आपला उमेदवार पन्नास टक्क्यांच्या जेमतेम पुढे असल्याचं सांगितलं. आयोगाने महिना उलटल्यावर २ मे रोजी आकडे दिले: विरोधकांचे त्स्वांगिराई ४७.९, राष्ट्राध्यक्ष मुगाबे ४३.२, म्हणजे निम्म्याहून जास्त कुणालाच नाही, म्हणून दुसरी फेरी. इतक्या बारीक फरकाच्या भांडणात एकेका केंद्राचा कागद लागतो. पुढे हिंसाचारामुळे त्स्वांगिराई दुसऱ्या फेरीतून बाहेर पडले.

म्हणून पत्रकार परिषदेत "घोटाळा" हा शब्द वापरायच्या आधी तीन आकडे सांगा: एकूण केंद्रं किती, आपल्याकडे १७-सी किती केंद्रांचे, त्यांतल्या किती ठिकाणी फरक आहे. फरक तीनच ठिकाणी असेल तर तीनच म्हणा. आणि फरक कुठेच नसेल, तर तेही जाहीर करा. हे सांगितलं की आमचे तरुण नाराज होतात. पण हरल्यावर "आकडे बरोबर आहेत, आम्ही कमी पडलो" म्हणणाऱ्या पक्षाचं पुढच्या वेळचं "आकडे चुकलेत" लोक ऐकतात.

मुदती भिंतीवर लावा. यंत्रांच्या तपासणीची मागणी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत लेखी करता येते, खर्च भरून, एका विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांपर्यंत. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात ४५ दिवसांत. महापालिकेची मुदत वेगळी आणि बरीच कमी असते, वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा.

याचिका करायची नसली तरी कागद फेकू नका. केंद्र क्रमांकाने पाकिटं लावून एका पत्र्याच्या पेटीत ठेवा, सोबत नमुना २० मधला केंद्रनिहाय अंतिम निकाल. माझी पेटी नौपाड्यातल्या घरी दिवाणाखाली आहे. पुढच्या निवडणुकीच्या पहिल्या बैठकीत मी ती उघडतो, रिकामी पाकिटं वेगळी काढतो आणि त्या केंद्रांच्या गल्ल्यांत राहणारं कुणी ओळखीचं आहे का, हे विचारायला सुरुवात करतो.